सही करण्याआधी बाथरूमची कडी बघा

पत्र :

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि लहानपणापासून फिट्स येतात. बाबा गेल्यावर आईला एकटीला झेपेना, म्हणून त्याला एका निवासी संस्थेत ठेवलं. तिथे तो रमला आहे. कागदी पिशव्या करतो, दिवाळीत पणत्या रंगवतो. गेल्या महिन्यात सकाळी अंघोळ करताना फिट येऊन तो पडला. आतून कडी होती, दार तोडावं लागलं. कपाळाला टाके पडले. आता संस्थाचालक म्हणतात, "चोवीस तास एकाच मुलामागे माणूस ठेवणं आम्हाला परवडणार नाही." त्यांचं म्हणणं असं, की रात्री त्याला पलंगाला पट्ट्यानं बांधू, वर्कशॉप बंद करू, आणि काही बरंवाईट झालं तर संस्था जबाबदार नाही असं हमीपत्र आम्ही द्यावं. आई म्हणते, घरी घेऊन ये. ती ७१ वर्षांची आहे, मी नोकरी करते. माझे मिस्टर म्हणतात, सही कर, दुसरी जागा मिळणं सोपं नाही. भाऊ फोनवर एवढंच विचारतो, "ताई, वर्कशॉप कधी?" मी काय करू?
– एक बहीण, डोंबिवली

उत्तर :

ताई,

हमीपत्रावर सही करू नका. आणि भावाला घाईघाईनं घरीही आणू नका. घरी आणायचा निर्णय पुढेही घेता येईल. त्याआधी संस्थेशी एकदा नीट, कागद-पेन घेऊन बोलणं व्हायला हवं. ते कसं करायचं हे सांगताना उत्तर जरा लांबणार आहे.

चोवीस तास माणूस परवडत नाही, हे संस्थाचालकांचं म्हणणं खोटं नाही. अशा संस्थांमध्ये मावशी आणि दादा, म्हणजे मुलांना सांभाळणारी माणसं, मिळवणं आणि टिकवणं ही रोजची विवंचना असते. पगार तुटपुंजा, काम कंबर मोडणारं, आणि गणपती-दिवाळीला निम्मी माणसं गावी. पण तुम्ही चोवीस तास कुठे मागितले होते? तुमच्या भावाला त्याची गरजही दिसत नाही. पटांगणात बसलेला असताना किंवा टीव्ही बघताना फिट आली, तर बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत थांबते. कुणीतरी कुशीवर वळवतं, तो तासभर झोपतो, उठून चहा मागतो. तीच फिट बाथरूममध्ये, जिन्यात, विहिरीच्या कठड्यापाशी किंवा पालथं झोपलेलं असताना आली की जिवावर बेतते. दिवसातल्या अशा जागा आणि वेळा लिहून काढल्या, तर त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतील. शिवाय रात्र. या ठरावीक वेळी त्याच्याजवळ नाव घेऊन सांगता येईल असा कोण असणार आणि किती अंतरावर असणार, एवढंच संस्थेकडून लिहून घ्यायचं आहे. "आमचं लक्ष असतं" हे उत्तर स्वीकारू नका.

असं का म्हणते, त्यासाठी इंग्लंडमधली एक घटना सांगते. ऑक्सफर्डमध्ये स्लेड हाउस नावाचं सरकारी आरोग्यसेवेचं केंद्र होतं. कॉनर स्पॅरोहॉक हा अठरा वर्षांचा मुलगा तिथे दाखल होता. स्वमग्न, बौद्धिक अडचण असलेला आणि फिट्स येणारा. त्याला आधी एकदा जीभ चावलेली पाहून आईनं कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं, की फिट येऊन गेली असावी. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ४ जुलै २०१३ रोजी टबमध्ये अंघोळ करताना त्याला फिट आली आणि तो बुडून गेला. तिथे पैशांची ओढाताण नव्हती, रुग्ण मोजके होते, प्रशिक्षित परिचारिका होत्या. आणि कागदोपत्री त्याच्यावर लक्षही होतं : अंघोळीच्या वेळी दर पंधरा मिनिटांनी डोकावायचं. २०१५ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीनं हेळसांडही या मृत्यूला कारणीभूत ठरल्याचं नोंदवलं. २०१८ मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या सदर्न हेल्थ ट्रस्टला कॉनर आणि आणखी एक रुग्ण अशा दोन मृत्यूंबद्दल मिळून २० लाख पौंड दंड झाला. पाण्यात तोंड गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटं कुठली मिळायला?

आपल्याकडे टब नाहीत, बादली-तांब्या आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे : आतून कडी होती, दार तोडावं लागलं. ज्याला फिट्स येतात हे माहीत आहे, तो माणूस कडी लावून एकटा आत कसा होता? पुढच्या भेटीत पहिल्यांदा ऑफिसात बसू नका, बाथरूम बघा. कडी काढून टाकायची आणि बाहेर "आत कोणी आहे" अशी पाटी लटकवायची. दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, कारण माणूस नेमका दारावरच कोसळतो आणि मग ते ढकलता येत नाही. खर्च सुताराच्या अर्ध्या दिवसाचा. तो तुम्ही दिलात तरी चालेल. मी तर म्हणते, द्याच. बोलणी तिथूनच सुरळीत होतात.

मग बादली. बादलीत आधी गार पाणी, नंतर गरम, आणि कालवायचं दादांनी. गीझरचा किंवा बंबाचा नळ भावाच्या हाताशी नको. फिटमध्ये अंगावर आलेल्या कढत पाण्यानं भाजतं, आणि तो त्या वेळी ओरडूही शकत नाही. स्टुलाऐवजी हात असलेली बुटकी प्लास्टिकची खुर्ची, खाली रबरी चटई, आणि पुढे आलेला टोकदार नळ असेल तर तो बाजूला. पाणी अर्धी बादली. भरलेल्या बादलीत डोकं जाणं फार वेळा घडत नाही, पण एकदा घडलं तरी पुरतं.

दादांनी आत उभं राहायलाच हवं असं नाही. ३६ वर्षांच्या पुरुषाला आपली अंघोळ आपण करायची असते आणि ती त्याची त्याला करू द्यावी. दार अर्धवट उघडं, आड पडदा, आणि दादा पडद्याबाहेर हात पोचेल इतक्या अंतरावर. दोघांनी बोलत राहायचं. भाऊ गाणी म्हणत असेल तर उत्तमच, आवाज थांबला की पडदा बाजूला. बाहेर उभं राहून फोन बघणं यात बसत नाही, हे दादांना स्पष्ट सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट तपासा, जी सहसा कुणी तपासत नाही. काही जणांना फिट झोपेतून उठल्या-उठल्याच येते. संस्थांमध्ये मात्र सहा वाजता उठवून रांगेनं अंघोळीला पाठवतात, कारण सगळ्यांचं आटपायचं असतं. भावाच्या फिट्सची वही काढा आणि वेळा बघा. पहाटे-सकाळीच जास्त येत असतील, तर त्याची अंघोळ नाश्ता आणि सकाळच्या गोळ्यांनंतर, रांग संपल्यावर ठेवायला सांगा. वेळ तेवढाच लागतो आणि दादाही तेव्हा मोकळे असतात.

वहीच नसेल, तर ती आजपासून सुरू व्हायला हवी. नुसतं "फिट आली" असं लिहून उपयोग नाही. किती वाजता, काय करत असताना, सुरुवात कशी झाली, घड्याळात मोजून किती मिनिटं, नंतर किती वेळ गुंगी, लागलं का, आदल्या दिवसाची गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, ताप होता का, पोट साफ होतं का. शेवटचे प्रश्न बारीकसारीक वाटतील, पण ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही त्याच्या फिट्स वाढण्याचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं. कुणी मोबाइलवर एखादी फिट टिपली तर ती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. ती चित्रफीत संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणार नाही एवढी ताकीद मात्र द्या.

आता रात्रीबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण "काही बरंवाईट झालं तर" हे शब्द वाचून तुमच्याही मनात तेच आलं असणार. फिट्स येणारा माणूस झोपेत अचानक दगावू शकतो. डॉक्टर याला सुडेप म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये याचं प्रमाण वर्षाला साधारण हजारात एक. सगळं अंग ताठ होऊन झटके येणाऱ्या मोठ्या फिट्स ज्यांना वारंवार येतात, विशेषतः झोपेत येतात, त्यांना धोका बराच जास्त. अशी माणसं पुष्कळदा पालथी आढळतात. नेदरलँड्समधल्या अपस्मार (फिट्सचा आजार) असलेल्यांच्या दोन निवासी केंद्रांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या केंद्रात रात्रीची देखरेख कमी होती, तिथे असे मृत्यू जास्त होते. म्हणजे इथे करण्यासारखं काही आहे. मोठ्या फिटनंतर कुणीतरी लगेच पोचलं, कुशीवर वळवलं, हलवून जागं करायचा प्रयत्न केला, श्वास चालू आहे ना हे पाहिलं, तर फरक पडतो.

म्हणून भावाला रात्री वेगळ्या खोलीत एकट्याला ठेवू नये. रात्रपाळीचा माणूस त्याच खोलीत किंवा उघड्या दाराच्या पलीकडे, आवाज ऐकू येईल असा असावा. त्याची खाट सगळ्यात बुटकी, नाहीतर सरळ जमिनीवर गादी. मऊ, फुगीर उशी नको. खाटेखालची झटके ओळखणारी उपकरणं परदेशात वापरतात, इकडे ती महाग पडतात. लहान बाळांसाठीचा आवाज ऐकवणारा मॉनिटर मात्र आवाक्यातला आहे. कॅमेरा लावतो असं संस्था म्हणेल. लावू द्या, पण पडद्यासमोर रात्री जागं कोण बसणार ते विचारा. नाहीतर तो कॅमेरा दुसऱ्या दिवशी काय घडलं ते दाखवण्यापुरताच.

बांधण्याला साफ नकार द्या. झटके येत असताना हातपाय जखडलेले असले तर खांदा निखळतो, हाड मोडतं. पाठीवर बांधलेल्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाते, आणि कुशीवर वळवायला आलेल्या माणसाला आधी पट्टे सोडत बसावं लागतं. म्हणजे फिटमध्ये जी एक गोष्ट करायची, तीच पट्टा करू देत नाही. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही, २८ जण गेले. त्यांनाही सुरक्षेसाठीच बांधलं होतं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आरोग्य संस्थांना बजावतो, की कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला बांधून ठेवता येणार नाही. भावाची संस्था त्या कायद्याच्या व्याख्येत बसेल न बसेल, पण दिव्यांगांना क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणारा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तिला लागू आहेच. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. खांदा निखळण्याचं आधी सांगा. बहुतेक चालकांना ते खरोखर माहीत नसतं.

वर्कशॉप बंद करण्याचं तर मला हसूच आलं. वर्कशॉपमध्ये त्याच्या शेजारी शिकवणारे सर असतात, आजूबाजूला मित्र असतात. ते बंद केलं की तो दुपारभर हॉलमध्ये एकटा पडून राहणार. म्हणजे देखरेख वाढवायच्या नावाखाली त्याच्याजवळची माणसंच काढून घेतली. कागदी पिशव्यांना लागते काय, खळ आणि बोथट टोकाची कात्री. पणत्या रंगवाव्यात, पेटवताना मात्र कुणीतरी हवं. वर्कशॉप सोमवारपासून सुरू करा असं ठामपणे सांगा, आणि भावाला फोनवर तारीख सांगा. तो विचारतो आहे ना?

औषधांकडे वळू. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या कमी-जास्त करण्याबद्दल बोलणार नाही. तुम्ही काय विचारायचं तेवढं सांगते. पडला त्या आठवड्यात एखादी गोळी चुकली होती का? बऱ्याच संस्थांमध्ये महिन्याची औषधं घरचे पोचवतात, आणि एक रविवार जायला जमलं नाही की दोन दिवसांचा खड्डा पडतो. तुमच्याकडे असं होत असेल, तर पंधरा दिवसांचा जादा साठा तिथे कायम ठेवा. दुकानदारानं परस्पर कंपनी बदलली का? हळूहळू विरघळणारी गोळी कुणी चुरून वरणभातात कालवत नाही ना? तो अलीकडे झोकांड्या खात चालत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण फेनिटॉइनसारख्या औषधाचा डोस थोडासा वाढला तरी तोल जातो, आणि फिट न येताही माणूस पडतो. वर्षानुवर्षं ही औषधं घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी विचारून घ्या. आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला शेवटचं कधी पाहिलं? लहानपणची चिठ्ठी पुढे पुढे चालवत आणलेली माणसं मी संस्थांमध्ये पुष्कळ पाहिली आहेत. कुणाच्याही सांगण्यावरून गोळी एकदम बंद मात्र करायची नाही, त्यानं न थांबणारी फिट येऊ शकते.

फिट आल्यावर काय करायचं, हे एका पानावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला सांगा. घड्याळ बघा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा. दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, यानं फिट थांबत नाही, फक्त मोलाची मिनिटं जातात. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि पुरता शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. तोवर पाणी, चहा, गोळी, काही नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला किंवा श्वास नीट वाटेना, तर १०८ ला फोन. वॉर्डनना विचारून मग नव्हे. आधी १०८, मग वॉर्डन.

लांबलेल्या फिटसाठी मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे आपल्याकडे मिळतो. तुमच्या भावासाठी तो लागेल का, कितव्या मिनिटाला आणि किती फवारे, हे त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. दिला तर स्प्रे कुठे ठेवतात आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. किल्ली घरी राहणाऱ्या अधीक्षकांकडे असेल, तर स्प्रे नसल्यातच जमा. रात्रपाळीच्या मावशींनी तो एकदा हातात धरून पाहिलेला असावा.

हे सगळं मिळून दोन पानांचा कागद होईल. त्यावर तुमची, संस्थेची आणि डॉक्टरांची सही. हमीपत्राच्या जागी हा कागद पुढे करा. त्यात तुमचीही कबुली असू दे, की एवढं सगळं करूनही फिट येऊ शकते, तो पडू शकतो, आणि अशा प्रत्येक पडण्याला तुम्ही संस्थेला दोष देणार नाही. चालकांना भीती असते ती याचीच, पोलीस आणि पेपरची. ती मोकळेपणी मान्य केलीत तर पुष्कळ गाठी सुटतात. "संस्था जबाबदार नाही" या कागदानं मात्र निष्काळजीपणा माफ होत नाही, हे कुठलाही वकील सांगेल. वाद झाला की तो तुमच्यासमोर फडकवला जातो, एवढाच त्याचा उपयोग.

आईचं घरी आण हे म्हणणं मला समजतं. पण घरच्या बाथरूमलाही आतून कडी आहे, आणि ७१ वर्षांच्या बाईला झटके येणाऱ्या तरुण माणसाला एकटीनं कुशीवर वळवता येईल का, हा प्रश्न त्यांनाच विचारा. दुपारी तुम्ही ऑफिसात, त्या भाजी आणायला गेलेल्या, तेव्हा त्याच्याजवळ कोण? आठवड्याच्या सुट्टीला तो जरूर यावा, आणि हेच दोन पानांचे नियम तेव्हा घरीही पाळावेत. त्याला स्वतःला कुठे राहायचं आहे हे विचारायचं राहून जाऊ देऊ नका. पत्रावरून तर त्याचं उत्तर दिसतंच आहे.

एक कायदेशीर काम मात्र टाळू नका. भाऊ अठराच्या पुढचा आहे, त्यामुळे आई किंवा तुम्ही आपोआप त्याच्या कायदेशीर पालक ठरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. आई आहेत तोवर केलेला बरा. फिट्सबद्दल इतर घरांचे अनुभव ऐकायचे असतील तर पुण्यात संवेदना फाउंडेशन हा मदत गट आहे.

संस्थेनं बांधणंच लावून धरलं, कडी काढायलाही नकार दिला, किंवा वही दाखवायचं टाळलं, तर तिची नोंदणी तपासा. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगांची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही. तक्रार पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. तक्रारीच्या आधी दुसरी जागा शोधायला लागा आणि तिथेही पहिल्यांदा बाथरूम आणि रात्रीची खोली बघा, फळा-फुलांनी रंगवलेला हॉल नंतर. हलवायचं ठरलंच, तर फिट्सच्या वहीची झेरॉक्स, औषधांची चालू चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात घेतल्याशिवाय जुन्या संस्थेचं गेट सोडू नका, आणि पहिले दोन-तीन दिवस तुम्ही किंवा आईंनी तिथे जाऊन त्याच्या सवयी नव्या दादांना दाखवा.